पंच्याखालचा भाव

आमच्या घरात भाव कुणी तोंडानं उच्चारत नसे. भाताचा नाही, बैलाचा नाही, गवताचा तर नाहीच नाही. आई बाजारातून सुकट घेऊन आली आणि शेजारणीनं विचारलं, "कशी दिली गं?" तर आई म्हणायची, "दिली बाय जमंल तशी," आणि टोपली उचलून आत जायची. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, धंदा गवताचा होता. दहिवलीला नदीकडच्या अंगाला आमची वखार होती. पाऊस सरला की कुरणांतलं गवत कापून वाळवायचं, मोठ्या लाकडी दाबाखाली घालून त्याच्या गासड्या बांधायच्या, आणि कर्जत स्टेशनातून मुंबईच्या घोड्यांच्या तबेल्यांकडे रवाना करायच्या. दोन गडी दाबाच्या आडव्या दांड्याला छाती लावून गोल फिरत. दाब करकरत खाली उतरे, गवतातून बारीक धूळ उडे आणि घरातल्या पाण्याच्या हंड्यापर्यंत येई. मागून घाट चढायला निघालेल्या गाड्यांच्या शिट्ट्या. माझं लहानपण या दोन आवाजांत गेलं. पुढे पुण्याला राहायला गेल्यावर कित्येक महिने मला नीट झोप लागत नव्हती, ती कशामुळे, हे मला फार उशिरा कळलं.

भाव ठरायचा तो खालापूरच्या बाजारात. मी सात-आठ वर्षांची असताना आबा मला बैलगाडीतून सोबत नेत, म्हणून मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे. दोन माणसं समोरासमोर उकिडवी बसत. एकजण खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या हातांवर टाकी. पंच्याखाली बोटं बोटांना धरत, दाबत, सोडत. किती बोटं धरली आणि कशी दाबली यावरून आकडा समजायचा. तोंडानं मात्र पावसाच्या, सासुरवाडीच्या, कुणाच्या तरी म्हशीच्या गप्पा चालायच्या. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक. पंचा उचलला की व्यवहार झाला, आणि तो मोडल्याचं मी कधी ऐकलं नाही. चारचौघांत भाव बोलणं म्हणजे बाईमाणसानं उघड्यावर अंघोळ करण्यासारखं, असं आबांचं मत होतं. त्या बाजारात आबांच्या हाताला मान होता. "गोविंदाचा हात सच्चा," असं लोक म्हणत, आणि ते कानावर पडलं की आबा मुद्दाम दुसरीकडे बघत.

पण आबांचा हात पोचायचा तो खालापूरच्या धोंडूशेटपर्यंतच. धोंडूशेट अडते. आमचं गवत ते घेत आणि मुंबईच्या कंपनीला विकत. कंपनीशी बोलणं इंग्रजीत, आणि इंग्रजी धोंडूशेटना येई. तिथं गवताला काय मिळतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आबांनीही विचारलं नाही, कारण तसं विचारायची रीतच नव्हती. एकदा कंपनीचा गोरा साहेब कर्जत स्टेशनात उतरून आमच्याच गासड्या बघत होता. आबा तिथंच हात जोडून उभे. धोंडूशेट साहेबाशी बराच वेळ बोलले, मधे एकदा आबांकडे बोट दाखवून 'गोविंदा' असं म्हणाले, आणि साहेब हसला. घरी आल्यावर आबा जेवायला बसले, भाकरी मोडली, वालाच्या बिरड्यात बुडवली आणि तशीच हातात धरून राहिले. "माझ्या देखत माझं काय ते बोलला," ते आईला म्हणाले, "आन मला नाय कळलं, चांगलं बोलला का वायट." आईनं आणखी थोडं बिरडं वाढलं. मग आबाच म्हणाले, "आपला माल आपुन आपल्या तोंडानं इकायचा. इंग्रजी शिकायची." तेव्हा आबांच्या मिशीत पांढरे केस दिसू लागले होते. आईला वाटलं, दोन दिवसांनी विसरतील.

भिसेगावात रूळांच्या कडेला रूथबाई राहायच्या. नगरकडच्या ख्रिस्ती, इंजिन ड्रायव्हरच्या विधवा, आणि रेल्वेतल्या लोकांच्या मुलांना इंग्रजी शिकवून पोट भरायच्या. आबा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले तेव्हा त्यांना वाटलं, हा माणूस मुलीला शिकवायला घेऊन आलाय. "मुलगी हुशार दिसते," त्या म्हणाल्या. "शिकायचंय मला," आबा म्हणाले, "ह्ये पोर इसरलेलं ध्यानात ठेवाया." अशी मी त्या शाळेत आबांची वही म्हणून दाखल झाले. मराठी चौथी पास झालेली, पुढं शिकवायचं की लग्न करायचं हा प्रश्न घरात लोंबकळत पडलेला, तेवढ्यात हे. रविवारी दुपारी आम्ही दोघं रूथबाईंच्या ओट्यावर बसायचो. पहिले काही रविवार आबा त्यांच्याकडचा चहा घेत नव्हते. बाई दर वेळी कप आणून ठेवायच्या, दर वेळी तो निवायचा, आणि त्या तो उचलून न्यायच्या. एका रविवारी धडा जमेना, आबांना घाम फुटला, आणि भानावर नसल्यासारखं त्यांनी तो कप उचलून तोंडाला लावला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. आम्ही ते घरी कुणाला सांगितलं नाही.

माझी नात हल्ली संध्याकाळी इंग्रजी संभाषणाच्या क्लासला जाते. "आजी, तिथं कॉन्फिडन्स शिकवतात," म्हणते. रूथबाईंना तो शब्द माहीत असेल, पण त्यांनी कधी वापरला नाही. त्या व्याकरण शिकवायच्या, आणि ते शिकवताना माणसाची चौकटच उसकटून ठेवायच्या. आबा आयुष्यभर 'आमी' म्हणत आलेले. आमी देतो, आमी बघतो, आमी हाव ना. बाई म्हणायच्या, "भाऊ, विकणारे किती जण?" "मी एकलाच." "मग 'आय' म्हणा." आबा 'आय' म्हणायचे आणि लाजायचे. एकट्यानं पुढं होऊन मी, मी करणं त्यांना उद्धटपणाचं वाटे. दुसरी अडचण म्हणजे कामाचं बोलणं आधी करायचं. आमच्याकडे आधी पाणी, मग पान, मग पोराबाळांची चौकशी, मग पाऊसपाणी, आणि काम असलंच तर उठता उठता. बाई म्हणायच्या, "साहेबाला वेळ नसतो. नमस्कार करा, माल दाखवा, भाव सांगा. बघायचं त्याच्या डोळ्यांत, पायांकडे नव्हे." मग त्या स्वतः साहेब व्हायच्या. पदर खोचून खुर्चीत बसायच्या, आवाज जाड करायच्या, आणि आबा त्यांना आमचं गवत विकायचे. मला हसू आवरायचं नाही. पण आबा शिकले. संपूर्ण वाक्य बोलायला शिकले. गाईम्हशींना पाणी पाजताना पुटपुटायचे, आणि गडी आपसात म्हणायचे, शेटला काय झालं रं?

अडलं ते एकाच ठिकाणी. भाव सांगायची वेळ आली की आबा गप्प. "तिथल्या तिथं बोलंन," म्हणायचे. बाई चिडल्या. "भाव सांगताना थांबलात, की समोरचा त्या फटीत शिरतो. बोला." आबा रस्त्याकडे बघून म्हणाले, "बाय, मानसं जातात ना समोरून." तेव्हा बाई उठल्या आणि त्यांना आत, स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. ज्या घरचा चहाही आधी घेत नव्हते त्या घराच्या चुलीपाशी आबा उभे राहिले. दार लावून घेतलं. मी बाहेर ओट्यावर. बऱ्याच वेळानं आतून आबांचा आवाज आला, इंग्रजीतला आकडा, देवापुढे नवस बोलावा तेवढ्या हळू. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं." पुन्हा तेवढाच आवाज. बाहेर आले तेव्हा त्यांचा सदरा भिजला होता.

दसऱ्यानंतर आम्ही कंपनीला थेट पत्र घातलं. मजकूर आबांचा, भाषा बाईंची, अक्षर माझं. कंपनीकडून उत्तर आलं की साहेब अमक्या दिवशी वखार पाहायला येईल आणि पसंत पडलं तर जागच्या जागी करार होईल. हा करार झाला तर धोंडूशेट मधून बाजूला होणार होते. नाही झाला तर त्यांच्या दाराशी पुन्हा जायचं, आणि ते कोणत्या तोंडानं जायचं, हा प्रश्न होता. एवढी एकच गोष्ट त्या दिवसावर अवलंबून होती आणि ती घरातल्या सगळ्यांना माहीत होती. रूथबाईंना बोलावलं तर त्या यायला तयार होईनात. "मी आले तर साहेब माझ्याशीच बोलेल. बोलणारे तुम्ही आहात."

साहेब आला तेव्हा वखार माणसांनी भरलेली होती. धोंडूशेट दोघातिघा व्यापाऱ्यांना घेऊन तमाशा बघायला आले होते. आमचं गवत कापणारे ठाकरवाडीचे बायाबाप्ये कुरणावरून गवताचे भारे घेऊन उतरत होते, ते भारे टाकून तिथंच टेकले. साहेबाबरोबर त्याचा मुंबईचा कारकून होता. आबा पुढं झाले. नमस्कार केला, साहेबाच्या डोळ्यांत बघितलं, "गुड मॉर्निंग, सर, आय सेल ग्रास," म्हणाले. गासडी फोडून दाखवली, गवत कोणत्या कुरणाचं, किती वाळवलेलं, सगळं सांगितलं. साहेब मान हलवत होता. धोंडूशेटचा चेहरा उतरत गेला. मी दाबाच्या खांबामागे उभी राहून प्रत्येक शब्द ओठांत म्हणत होते. मग साहेबानं भाव विचारला.

आबा थांबले. त्यांनी एकदा व्यापाऱ्यांकडे पाहिलं, एकदा वाडीच्या लोकांकडे, आणि मला काही कळायच्या आत त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून साहेबाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. साहेबानं चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. पंचा खाली पडला. कारकून खो खो हसला, व्यापारी हसले, धोंडूशेट तर पोट धरून हसले. आबा वाकून पंचा उचलू लागले आणि वाकलेलेच राहिले. त्यांना तसं वाकलेलं मला बघवेना. मी खांबामागून बाहेर आले आणि म्हटलं, "सर, अवर प्राइस इज..." आणि आकडा सांगितला. मोठ्यानं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. तो आकडा इथं लिहीत नाही, आजच्या वाचकाला हसू येईल. पण त्या दिवशी वखारीत कुणी हसलं नाही. साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, थोडा कमी करून मागितला. मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, आणि मी "येस, सर" म्हटलं. करार लिहिता लिहिता कारकुनानं खात्री करून घेण्यासाठी मराठीत, आकडा उच्चारून, ओरडून विचारलं, "शंभर गासड्यांना एवढे, बरोबर ना, पाटील?" आबा म्हणाले, "व्हय."

मला वाटलं, जिंकलो. धोंडूशेट आपली माणसं घेऊन निघून गेले, साहेब टांग्यात बसला. तेवढ्यात वाडीची पोशी पुढं आली. पोशी म्हणजे कापणाऱ्या बायांची म्होरकी, विळा कमरेला, उंच आणि वाळकी. तिच्या आवाजात राग नव्हता. "शेट, ह्यो भाव गवताचाच ना? आमी कापताव त्याच गवताचा?" आबा पंच्याची घडी घालू लागले. "नाय, इचारलं फकस्त," पोशी म्हणाली. "आमाला ठावं नव्हतं." तिनं आपल्या बायांकडे पाहिलं, सगळ्या उठल्या, आणि ओळीनं वाडीच्या वाटेला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कुरणावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गवत उभं पिकून तांबूस पडायला लागलं, दाब रिकामा, आणि करारातली गाडी भरायची तारीख जवळ येत चालली. घर इतकं शांत झालं की स्टेशनातली इंजिनं अंगणात उभी असल्यासारखी वाटत. संध्याकाळी धोंडूशेट आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले, पान खाल्लं, आईच्या माहेरची चौकशी केली. मग म्हणाले, "गोविंदा, भाव तोंडानं बोललास, त्याचं ह्ये फळ. कळंबाकडून मी मानसं आनतो. वाडीवाले बसतील उपाशी, मंग येतील पायाशी. करार तेवढा माज्या नावानं फिरव." आणि खांद्यावरून पंचा काढून त्यांनी हात पुढे केला. आबांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. "उद्या सांगतो," म्हणाले.

ते गेल्यावर आई चुलीपाशी बसली होती ती बाहेर आली. आई आबांशी वरच्या आवाजात बोललेली मला आठवत नाही. त्या दिवशी बोलली. "मुंबयच्या सायबाला सांगाया जाता, आन पोशीला सांगाया काय धाड भरली तुमाला? दोन पिढ्या तिची मानसं तुमचं गवत कापत्यात!" आबा म्हणाले, "तिला काय सांगू? आजवर तिला काय दिलं आन मला काय भेटलं, ते सांगू?" "त्येच सांगा," आई म्हणाली. आबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे रडतील. धोंडूशेटनी आबांना जे केलं होतं तेच आबांनी वाडीला केलं होतं, आणि दोन्ही ठिकाणी मधे एकच पंचा होता. हे मी आज इतक्या सरळ लिहिते आहे. त्या वेळी आम्हा तिघांपैकी कुणाच्याच तोंडून ते निघालं नसतं.

सकाळी आबा मला घेऊन वाडीवर गेले. कारवीच्या कुडांची घरं, नाचणी वाळत घातलेली, कोंबड्या. माणसं बाहेर येऊन उभी राहिली. कुणी बसा म्हणालं नाही. आबा अंगणाच्या मधोमध उभे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. घाम मानेवरून ओघळत होता. मी शेजारी होते. मला आकडे सगळे पाठ होते, आणि मी बोलले असते तर क्षणात झालं असतं. पण हे माझ्या बोलण्याचं नव्हतं. मी ओठ दाताखाली धरून उभी राहिले. एक म्हातारा खोकला. आणि मग आबा बोलले. कंपनी काय देते ते बोलले, गाडीभाडं काय, दाबाच्या गड्यांची मजुरी काय, मला काय उरतं, आणि तुमाला आजवर काय देत आलो. शेवटचा आकडा सांगताना आवाज चिरकला, पण सांगितला. मग म्हणाले, "औंदापासून भाऱ्यामागं दीडपट दीन."

मला वाटलं आता सगळे खूष होतील. पोशीनं बायांकडे पाहिलं, आपसात त्यांच्या बोलीत काहीतरी झालं, आणि ती आबांना म्हणाली, "कमी हाय."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. सगळ्या खालापूरच्या बाजारानं ज्या हाताला मानलं, त्या माणसाशी एक ठाकरीण उघड्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, तोंडानं घासाघीस करत होती. त्यांचे कान लाल झाले. मग ते खाली बसले, मातीत, आणि म्हणाले, "बोल तू." ती बोलली. आबा बोलले. ऊन वर येईपर्यंत चाललं. मधे कुणीतरी आम्हाला पाण्याचा भोपळा आणून दिला. आबा घटाघटा प्याले.

गाडी वेळेवर भरली. पुढची कित्येक वर्षं कंपनीची पत्रं मीच लिहिली. माझं लग्न लांबलं ते त्या पत्रांमुळे, आणि त्याबद्दल मी त्या पत्रांची कायम ऋणी आहे. पण खालापूरच्या बाजारात आबांशी पुन्हा कुणी व्यवहार केला नाही. गोविंदानं भाव उघडा केला, मजुरांपुढं केला, हे तिथं कुणी विसरलं नाही. पुढे एकदा मी त्यांच्याबरोबर बैल घ्यायला गेले होते. लोक भेटत, बोलत, रामराम घालत. सगळीकडे जोड्या बसलेल्या, पंच्याखाली बोटं चाललेली. आबांना एक बैल आवडला. ते मालकासमोर उकिडवे बसले आणि सवयीनं हात पुढे केला. त्या माणसानं आपले दोन्ही हात काखेत घातले आणि आभाळाकडे बघत पावसाची चौकशी केली. आबांचा हात तसाच पुढे राहिला. मग तो त्यांनी बैलाच्या पाठीवर ठेवला, जरा थोपटलं, आणि उठले.